खाट क्रमांक तीन

तापलेल्या पत्र्यावर वाळत पडलेल्या संत्र्याच्या सालीचा वास. आधी कडवट, मग किंचित गोड, आणि शेवटी नुसता उष्ण. ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या आमच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, एक जुना संगणक होता. त्याच्या पाठीवर जिथून गरम हवा बाहेर पडे त्या जाळीवर कुंदाताई साली पसरून ठेवीत. हिवाळ्यात खाल्लेल्या संत्र्यांच्या साली त्या डब्यात जपून उन्हाळाभर पुरवीत. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. त्या भिंतीवरची एसीची यंत्रे दिवसभर आमच्या दिशेने उसासे टाकीत, म्हणून खिडकी बंद असे. बाहेरच्या ऋतूंपैकी त्या खोलीत जे काही पोचे ते या सालींच्या वाटेने.

छोट्या इस्पितळांसाठी संगणकप्रणाली बनवणारी ती कंपनी. मी मराठी कवितेत एम. ए. करून तिथे मदतपुस्तिका लिहायला लागले होते. काय दाबले म्हणजे केसपेपर निघतो, खाट कशी द्यायची, असले साधे गद्य. मला कुंदाताईंच्या शेजारची खुर्ची मिळाली. त्या तिथे माझ्या आधी पंधरा वर्षे होत्या. मालक सक्सेनाजींपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना 'ताईजी' म्हणत, जणू 'ताई' हे त्यांचे नाव आणि 'जी' हा त्यावरचा पदर.

अंगाने काटक. कडक इस्त्रीची सुती साडी, काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. बांगडी फक्त डाव्या हातात, कारण उजव्या हातातली टेबलाच्या कडेवर वाजे आणि तो आवाज त्यांना मोजणी केल्यासारखा वाटे. आल्या की बसण्यापूर्वी टेबल पुसत, उठताना पुन्हा पुसत. स्टीलचा पेला चहाच्या आधी धूत आणि नंतरही. पहिल्या आठवड्यात मी त्याला नुसती स्वच्छतेची हौस समजले. डबा मात्र त्या उलटा खात: आधी गोड, मग भात, पोळीभाजी सर्वांत शेवटी. माधवगंजातल्या दोन खोल्यांच्या घरी त्या एकट्याच परतत, आणि जाण्याचा रस्ता रोज निराळा. एकदा मी त्यांच्यासोबत निघाले तर सरळ रस्ता सोडून त्या टोपी बाजारात शिरल्या. तिथे त्यांना काहीही घ्यायचे नव्हते. अत्तराच्या बाटल्या, गोट्याकिनारीची रिळे, घाऊक मोज्यांचे गठ्ठे यांच्यामधून त्या हात मागे बांधून चालत राहिल्या. मी कारण विचारले.

"दिवसभर सगळं ठरलेलं असतं, बेटा," त्या म्हणाल्या. "पाय तर माझे आहेत न."

ठरलेले म्हणजे काय, ते सांगायला हवे. प्रणालीत काही बदल केला की ती अजून धड चालते ना, हे दर वेळी माणसाने तपासायचे तर महिना जाईल. म्हणून ते तपासणारे छोटे प्रोग्राम लिहून संगणकालाच दिलेले असतात. एक जण खोटा रुग्ण नोंदवतो, दुसरा त्याचा केसपेपर काढतो, तिसरा त्याला खाट देतो. जमले तर पडद्यावर हिरवी ओळ, बिनसले तर लाल. आम्ही त्यांना टेस्ट म्हणत असू. आमच्याकडे त्या चारशेच्या वर होत्या, आणि सगळ्यांना एक खोड होती: त्या एका विशिष्ट क्रमानेच हिरव्या होत. चाळिसावी टेस्ट रुग्णाचे वय एकसष्टचे बासष्ट करी, आणि एकेचाळिसावी ते कुणी केले हे न विचारता बासष्टच धरून चाले. एकेचाळिसावी आधी धावली की लाल. अशा चारशे जणी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. एकीचा हात सुटला की रांग कोसळे.

तो क्रम एका निळ्या वहीत होता. कुंदाताईंच्या बारीक अक्षरात आकडे, खोडलेले, बाणांनी वर नेलेले, समासात कोंबलेले. तो एकदाचा यंत्रातच का लिहून टाकत नाही, असे मी विचारले होते. लिहिलेला होता. पण दर आठवड्याला नवी टेस्ट येई, तिला रांगेत जागा शोधावी लागे. शिवाय काही दिवशी, कारण न सांगता, मधलीच एखादी लाल होऊन बसे. मग कोणती मागे न्यायची, कोणती दोनदा चालवायची, हे फक्त कुंदाताईंच्या बोटांना ठाऊक असे. दुपारी चार वाजता त्या चष्मा चढवीत, साली बाजूला सारीत आणि वही उघडीत. मधेच वीज गेली तर पुन्हा पहिलीपासून. त्यांच्या हिरव्या पडद्याखेरीज प्रणाली कुठल्याही इस्पितळात जात नसे. ती वही आता माझ्या खणात आहे, आणि कुणाला तिची गरज पडत नाही. पण तेव्हा ती वही म्हणजे कुंदाताई होत्या, आणि कुंदाताईंना ग्वाल्हेर सोडून जायचे होते.

त्यांची एकुलती मुलगी गौरी पुण्यात. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. गौरी दर रविवारी फोनवर एकच विचारी, कायमची इकडे कधी येतेस, आणि कुंदाताई दर रविवारी सांगत, या वर्षी नक्की. तीनदा त्यांनी राजीनामा लिहिला. तीनदा सक्सेनाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, घडी घालून परत दिला. रागावलेला माणूस सोपा असतो. सक्सेनाजी रागावत नसत. थंडीत तीळगुळाच्या गजकेचा डबा आणून देत, पगार वाढवून देत, आणि म्हणत, "ताईजी, आप चली जाएँगी तो ये सब कौन चलाएगा?" त्या प्रश्नात खोटे काहीच नव्हते, म्हणून त्याला उत्तरही नव्हते. दार उघडे होते, कुलूप नव्हते, आणि तरी पंधरा वर्षांत कुंदाताई चार दिवसांहून अधिक गावाबाहेर राहिल्या नव्हत्या.

त्या चार दिवसांतला एक दिवस मी इकडच्या टोकाने ऐकला आहे. गौरीला मुलगी झाली, तिच्या बारशाला कुंदाताई गेल्या. जाताना त्यांनी वही माझ्या हाती दिली आणि चार दिवस पुरेल इतक्या सूचना. दुसऱ्याच दुपारी सत्ताविसावी टेस्ट लाल झाली. मी दोनदा पुन्हा चालवली, वहीतले बाण उलटसुलट वाचले. सक्सेनाजी माझ्या मागे उभे राहून घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. शेवटी मी फोन लावला. पलीकडे बायकांचा कल्लोळ, कुणीतरी पाळणा म्हणत होते. कुंदाताईंनी आवाज खाली आणला.

"आधी अकरा चालव. मग सत्तावीस. मग चौदा पुन्हा."

मी अकरा चालवली. फोन कानाला तसाच होता. पलीकडे पाळणा संपला, एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत बाळाच्या कानाशी लांबवलेला 'कुर्रर्र' मला स्पष्ट ऐकू आला. नाव सांगितले ते मात्र ऐकू आले नाही, कारण नेमके तेव्हाच कुंदाताईंनी कुजबुजत विचारले, "सत्तावीस झाली का?" मी म्हटले, हिरवी झाली. त्यांनी सोडलेला श्वासही मला ऐकू आला. नातीचे नाव त्यांनीही ऐकले नव्हते. ते त्यांना नंतर शेजारच्या बाईला विचारावे लागले.

परत आल्या त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. सरळ सक्सेनाजींच्या खोलीत गेल्या. मी दाराशी होते. या वेळी हातात राजीनामा नव्हता. हे सगळे माझ्याशिवाय चालू लागले तर मला जाऊ द्याल का, एवढेच त्यांनी विचारले. सक्सेनाजी प्रामाणिक माणूस. त्यांनी थोडा विचार करून अट घातली: वही नको, ताईजींचा हात नको, टेस्ट कुठल्याही क्रमाने लावा, माझ्यासमोर एकदा अथपासून इतिपर्यंत हिरव्या दिसू द्या. मग मी स्वतः तिकीट काढून देतो.

बाहेर येऊन कुंदाताई म्हणाल्या, "स्वतःला कामाचं राहू द्यायचं नाही. एवढंच काम आहे."

तेव्हा उन्हाळा नुकता लागत होता. खोली तापे. पंख्याखाली वहीची पाने फडफडत आणि त्यांच्यावर कुंदाताईंचा पेला ठेवलेला असे. त्या वर्षी मी मदतपुस्तिका कमी लिहिल्या आणि त्यांच्याकडून ही विद्या अधिक शिकले. एखादी टेस्ट लाल झाली की आम्ही बाकीचे तिच्याकडे बोट दाखवीत असू. कुंदाताई तिच्याकडे बघतसुद्धा नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "हिच्या आधी कोण येऊन गेलं?" पडलेली बहुधा निर्दोष असते, आधी येऊन गेलेलीने काहीतरी सांडून ठेवलेले असते. आता आधी तर दोनशे येऊन गेलेल्या. त्यांतली दोषी कशी शोधायची? त्यासाठीही त्यांचा एक शब्दप्रयोग होता. "अर्धी पंगत उठव," त्या म्हणत. आधीच्या दोनशेंपैकी शंभर काढून टाकायच्या, उरलेल्या शंभरांनंतर ही लाल चालवून बघायची. अजूनही लाल असेल तर सांडणारी याच शंभरांत. मग पन्नास उठवायच्या. मग पंचवीस. आठ वेळा पंगत उठवली की पाटावर एकच उरते.

असे एकेक करत त्यांनी कित्येक खोडी सोडवल्या. पण जी लाल ओळ लहरीने उगवे आणि लहरीने मावळे, ती काही सुटेना. एक टेस्ट म्हणे, पहिली रिकामी खाट चार नंबरची. कधी ते खरे निघे, कधी नाही. त्या दुपारी आम्ही सात वेळा पंगत उठवली, या खेपेला उलटा प्रश्न धरून: आधी कोण येऊन गेली म्हणजे ही हिरवी होते? घामाने कीबोर्ड चिकट झाला होता, साली वाळून तडकू लागल्या होत्या. आठव्या वेळी पाटावर उरली ती पहिली टेस्ट. सर्वांत जुनी, एकूण रांगेची आई म्हणावी अशी. रुग्ण नोंदवा: नाव मनोरमा, वय एकसष्ट. खाट द्या: क्रमांक तीन. आणि तिथेच ती संपत होती. मनोरमाला घरी पाठवणारी ओळ कुठेच नव्हती. पंधरा वर्षे दर दुपारी चार वाजता मनोरमा भरती होई आणि तीन नंबरच्या खाटेवर राहून जाई. पुढच्या चारशे जणी तिचाच केसपेपर काढीत, तिचेच वय वाढवीत, आणि तीन नंबर अडलेला आहे असे धरून चार नंबर मागत.

मी हसून म्हणाले, हे कुणी लिहिलंय? आणि लगेच माझ्या लक्षात आले.

कुंदाताईंनी चष्मा काढला. त्याच्या काचा पदराने पुसल्या, मग दोरी, मग पुन्हा काचा.

"आई तेव्हा दवाखान्यात होती," त्या म्हणाल्या. "दुपारी तिला डबा द्यायचे आणि इथे येऊन हे लिहायचे. नाव काय द्यावं म्हणून तिचंच दिलं. तिची खाटही तीन नंबरची. भरती लिहून झाली, डिस्चार्जची ओळ तर दुसऱ्या दिवशी लिहायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला."

त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"मग नाही लिहिली. वाटलं, इथे तर राहू दे."

त्यानंतर त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. चष्मा घातला, त्या पहिल्या टेस्टच्या शेवटी जाऊन ती ओळ टाइप केली: मनोरमाला डिस्चार्ज द्या, खाट रिकामी करा. त्यांच्या बोटांचा वेग नेहमीचाच होता. डाव्या हातातली बांगडी मात्र कोपराकडे सरकवून ठेवलेली होती, वाजू नये म्हणून. मग त्यांनी सगळी रांग चालवली. पडदा वरपासून खालपर्यंत लालच लाल. मनोरमा उठली आणि तिच्या आधारावर बसलेले सगळे घर खाली बसले.

मला वाटले, आता संपले. एवढ्यांना कोण सावरणार? कुंदाताईंनी निळी वही मिटून माझ्या बाजूला सरकवली आणि कोऱ्या कागदावर 'एक' असा आकडा घातला. पुढचे कितीतरी महिने त्या कागदाचे झाले. प्रत्येक टेस्टने आपला रुग्ण आपण आणायचा, आपले काम झाले की त्याला आपणच घरी पोचवायचे, आणि खोली रिकामी सापडली होती तशी सोडायची. तेव्हा मला त्यांचे दोनदा टेबल पुसणे कळले. रुग्णांना नावे हवी होती, ती त्यांनी ओळखीच्यांची वाटली: माधवगंजातल्या भाजीवालीचे, गौरीच्या शाळेतल्या बाईंचे, चहावाल्याचे, एकदा माझेही. मी तर अपेंडिक्ससाठी भरती झाले आणि निमिषात बरी होऊन घरी गेले. मनोरमा हे नाव पुन्हा कुठे आले नाही.

आणि रोज चार वाजता, वहीच्या क्रमाऐवजी, त्या सगळ्यांना पिसायला लागल्या. हा शब्द त्यांचाच. गणपतीच्या दिवसांत त्यांच्या शेजारणी पत्ते खेळायला जमत आणि पिसणे ताईंकडे असे, कारण त्यांच्या हातून पत्ता कधी लपत नसे. यंत्रालाही पिसता येते. दर वेळी ते नवा क्रम लावते आणि त्या क्रमाला एक नंबर देते, म्हणजे तोच क्रम पुन्हा हवा असेल तर तो नंबर घालायचा. नंबर घातला नाही तर दर वेळी नवे पिसणे. पावसाळ्यात दर पिसण्याला तीस-चाळीस लाल येत. दिवाळीला पाच-सहा. थंडी पडली, नवी संत्री आली, जाळीवर ओल्या साली दिसू लागल्या, तेव्हा कधी एक, कधी एकही नाही.

जाण्याचा दिवस ठरला. सक्सेनाजींनी तिकीट काढले होते, संध्याकाळच्या गाडीचे. नातीचा पहिला वाढदिवस दोन दिवसांवर आला होता, आणि बारशाला हुकलेल्या नावाने या वेळी तिला समोर हाक मारायची, एवढेच कुंदाताई कुणाला सांगत नव्हत्या, पण मला ते माहीत होते. आदल्या दुपारी आम्ही पाचदा पिसले. चारदा निखळ हिरवे, एकदा एक लाल. ती लाल त्यांनी सकाळी येऊन दुरुस्त केली. झाली असावी, असे त्या म्हणाल्या. 'असावी' हा शब्द ऐकून मी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

चार वाजता सक्सेनाजी आले, खुर्ची ओढून बसले. कुंदाताई उभ्या राहिल्या आणि त्यांची जागा मला दिली. "तू चालव. माझा हात नको न."

मी बसले. नंबराची चौकट समोर कोरी होती. ती कोरी ठेवायची, म्हणजे यंत्र नवे पिसणार. माझ्या मुठीत एक पिवळी चिठ्ठी होती. कालच्या हिरव्या फेऱ्यांपैकी एकीचा नंबर मी त्यावर टिपून ठेवला होता. का टिपला, तेव्हा स्वतःलाही सांगितले नव्हते. एक लाल ओळ आली असती, तर सक्सेनाजी ती घडी घालून परत देणार होते, राजीनाम्यासारखीच, प्रेमाने. मी तो नंबर चौकटीत घातला आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली.

सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. पहिलीपासून शेवटचीपर्यंत. सक्सेनाजी उठले, त्यांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरलेले पाहून मला माझी लाज वाटली. गजकेचा डबा दिला, बॅग जिन्यापर्यंत नेली. कुंदाताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, संत्र्याचा वास असलेला, आणि त्या गेल्या. तीन मजले उतरणारी चप्पल मी ऐकत राहिले. खाली रिक्षा उभी होती.

मग तीच चप्पल वर येताना ऐकू आली. पेला राहिला होता.

त्या दारात धापा टाकत उभ्या राहिल्या, एका खांद्याला बॅग. टेबलापर्यंत आल्या, पेला उचलला, आणि सवयीने टेबल पुसायला रुमाल काढला. कीबोर्ड उचलला. खाली चिठ्ठी होती.

त्यांनी ती वाचली, मग पडद्याच्या कोपऱ्यातला नंबर वाचला. खालून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी बोलू लागले: गाडीची वेळ झाली, गौरी वाट बघत असेल, उद्या मी एकटी पिसून बघेन, लाल आलीच तर मी बघून घेईन, आता निघा ना ताई. चिठ्ठीची बारीक घडी घालून त्यांनी ती सालींच्या खाली सरकवली. नंबराची चौकट पुन्हा कोरी केली. खांद्यावरची बॅग उतरवून माझ्या खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर ठेवली. हॉर्न पुन्हा वाजला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून, पडद्याकडे बघत, त्या मला म्हणाल्या,

"पिस."